फाइल उघडी असेपर्यंत

गुरुवारच्या राजपत्रात कल्याणीचं नाव बदलल्याचं छापून आलं आणि शुक्रवारी सकाळी गडहिंग्लजमध्ये शशिकांत निगवेकरांच्या स्वयंपाकघरात दोन कल्याणी होत्या. एक चहा गाळत होती, दुसरी कपबशा पुसत होती. चहा गाळणारी कल्याणी शशिकांत निगवेकर, म्हणजे जुनी. कपबशा पुसणारी कल्याणी विक्रांत मोरबाळे, म्हणजे नवी. मंगळसूत्र नवीच्या गळ्यात होतं.

शशिकांतरावांना याचं नवल वाटलं नाही. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. लग्नानंतर बाईनं नाव बदललं की जुन्या नावाची मुलगी माहेरी उरते, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? ती पंधरा-वीस दिवस राहते. आधारकार्ड बदललं की तिची भूक जाते, रेशनकार्डावरचं नाव कमी झालं की आवाज बसतो, आणि शेवटचा कागद बदलला की ती कुणाला न सांगता निघून जाते. त्याची चर्चा करायची पद्धत नाही. त्यांच्या बायकोचीही अशी एक जुनी होती, चिकोडीला, सासऱ्यांच्या घरी. ती कशी गेली, हे त्यांनी बायकोला जन्मात कधी विचारलं नाही, आणि आता बायकोही सहा वर्षांपूर्वी गेली होती.

पण महिना उलटला तरी घरातली जुनी कल्याणी हलेना. इथले सगळे कागद बदलून झाले होते. ती दोन भाकऱ्या खात होती, आणि दुधात पाणी जास्त झालं म्हणून दूधवाल्याशी भांडत होती. मग शशिकांतरावांच्या ध्यानात आलं की एक कागद राहिला आहे.

जावई विक्रांत परदेशात होता. देशाचं नाव इथं देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. बायकोला तिकडे नेण्यासाठी त्यानं आठ महिन्यांपूर्वी अर्ज केला होता, आणि विवाहाच्या दाखल्यावर जे नाव होतं त्याच नावानं, म्हणजे निगवेकर. ती फाइल अजून उघडी होती. जिच्या नावानं फाइल उघडी आहे ती जाणार कशी?

तिकडच्या वकिलानं बजावलं होतं की निकाल लागेपर्यंत नावाला हात लावू नका. ते शशिकांतरावांनीही वाचलं होतं. पण अर्जाला लग्नाचा पुरावा म्हणून फोटो जोडले होते आणि त्यातल्या एका फोटोत ताट होतं. ताटातल्या तांदळात विक्रांतनं अंगठीनं बायकोचं सासरचं नाव लिहिलं होतं, आणि मोरबाळ्यांच्या माणसांनी ते हौसेनं जवळून टिपलं होतं. म्हणजे एकाच फाइलमध्ये अर्जावर निगवेकर आणि तांदळात मोरबाळे. शशिकांतरावांच्या जिवाला तेव्हापासून चैन नव्हतं. दोन कागदांवर दोन नावं म्हटलं की त्यांना घास गोड लागत नसे. तांदूळ काही बदलता येत नव्हते, म्हणून त्यांनी राजपत्रासाठी अर्ज करून मुलगीच तांदळाप्रमाणं करून घेतली.

“आण्णा, वकील नको म्हणत होता की,” जुनी म्हणाली.

“वकिलाला तांदळातलं काय कळतंय?” शशिकांतराव म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मुलाखतीचं पत्र आलं. अर्जदारानं मुंबईच्या कचेरीत हजर राहावं, असं त्यात होतं. दोघींपैकी कुणी जायचं हे ठरेना, म्हणून तिघंही गेली. खिडकीमागच्या बाई मराठी होत्या. त्यांनी दोघींकडे पाहिलं, फाइल चाळली आणि तांदळाच्या फोटोपाशी थांबल्या.

“नाव कुणी बदललं?”

“मी,” शशिकांतराव म्हणाले. “नियमाप्रमाणं बदललंय. राजपत्र जोडलंय.”

“ते दिसतंय मला. आता असं आहे आजोबा. व्हिसा एक आहे. फाइल यांच्या नावावर आहे.” त्यांनी जुनीकडे बोट केलं. “या जाऊ शकतात. किंवा यांनीच बदल कळवण्याचा नमुना भरून सही करायची. मग फाइल यांच्या नावावर होईल आणि या जातील.” या वेळी बोट नवीकडे होतं.

“आणि सही केली की मग ही?” शशिकांतरावांनी जुनीबद्दल विचारलं.

“तुम्ही कुठं नोकरीला होता?”

“जन्म-मृत्यूला.”

“मग तुम्हाला माहीत आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी नमुना खिडकीतून पुढं सरकवला.

तिघं बाकावर बसली. नवी भिंतीकडे बघत होती. तिला विक्रांतकडे जायचं होतं, आणि ते तिनं लपवलंही नव्हतं. जुनीलाही त्याच्याकडेच जायचं होतं. विमानतळावर त्यानं हात सोडला नव्हता, हे दोघींनाही सारखंच आठवत होतं. शेवटी जुनीनं शशिकांतरावांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

“द्या आण्णा, करते सही. सगळ्यांच्या घरी होतंय ते. आपल्यातच काय वेगळं?”

तिनं कागदावर पेन टेकवलं आणि नाव लिहायला सुरुवात केली. कल्याणी. मग शशिकांत. स्वतःचं नाव तिच्या हातून उमटताना शशिकांतरावांनी पाहिलं, आणि त्यांनी तिचा हात धरला. हजारो मृत्यूंच्या नोंदी त्यांनी त्याच हातानं केल्या होत्या आणि कधी खाडाखोड झाली नव्हती. पण ज्या मुलीच्या नावात आपलं नाव आहे ती आपल्या डोळ्यांदेखत पुसायची, हे त्यांना जमेना. ते सगळ्यांसमोर रडले.

“राहू दे,” ते म्हणाले. “तूच जा.”

 त्यांनी नवीला विचारलंही नव्हतं.

व्हिसा जुनीला मिळाला. ती निघाली त्या दिवशी नवीनं स्वतःच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिच्या गळ्यात घातलं. “तिकडं थंडी आहे म्हणे. त्याचा घसा लगेच धरतो, माहीत आहे ना?” असं ती म्हणाली. जुनी म्हणाली, “माहीत आहे.” दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शशिकांतराव बाजूला उभे होते आणि कुणाच्या डोक्यावर हात ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

चार दिवसांनी विक्रांतचा फोन आला. कल्याणी सुखरूप पोचली, असं त्यानं सांगितलं. नवीनं फोन मागितला.

“बोला,” विक्रांत म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. “तुम्ही आण्णांची काळजी घ्या. मी इथं लिहून दिलंय की मला एकच बायको आहे.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. फोन तिनं नीट जागेवर ठेवला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, माहेरपणाला आलीस काय, किती दिवस आहेस? ती म्हणायची, बघू.

दोन महिन्यांनी सरकारी पत्र आलं. कल्याणी निगवेकर या नावानं परदेशात प्रवेश झाल्यामुळं राजपत्रातला बदल रद्द समजण्यात येत आहे, सर्व कागद पूर्ववत होतील. पत्रात एकही चूक नव्हती. शशिकांतरावांनी ते तीनदा वाचलं.

पुढच्या सोमवारी आधारकार्ड पूर्ववत झालं. त्या दिवशी नवीनं ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली. पंधरा दिवसांनी रेशनकार्डाचं झालं, आणि तिची हाक माजघरातून ओसरीपर्यंत पोचेनाशी झाली. आता फक्त मतदारयादी राहिली होती आणि ती लवकरच नव्यानं लागणार होती.

“आण्णा, अंगात बळच न्हाई बघा,” ती म्हणाली. तिची तक्रार नव्हती. ती घराच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती आणि खुर्चीची वेताची वीण जराही दबलेली नव्हती.

शशिकांतरावांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. एकीला वाचवताना त्यांनी दुसरीला माणसांत धरलंच नव्हतं. हीसुद्धा लहानपणी त्यांच्याच सायकलवर पुढं बसली होती. तापात रात्रभर त्यांचं बोट धरून झोपली होती. तिचा गुन्हा एवढाच की तिचं नाव त्यांनी स्वतः अर्ज करून आणलं होतं.

ते उठले, चष्मा पुसला आणि टेबलाशी बसले. त्यांनी त्याच परदेशी कचेरीचा कोरा अर्ज काढला. अर्जदार, कल्याणी विक्रांत मोरबाळे. कारण, पतीकडे राहण्यास जाणे.

नवी खुर्चीतून उठून त्यांच्यामागं येऊन उभी राहिली.

“हे मंजूर होईल काय आण्णा?”

“न्हाई.”

“मग नामंजूर होईल.”

“निकाल लागला तर होईल,” शशिकांतराव म्हणाले. “त्रुटी असली तर निकाल लागत न्हाई. अर्ज दुरुस्तीला परत येतो. आपण दुरुस्त करायचा आणि दुसरी त्रुटी ठेवायची. तोवर फाइल उघडी.”

“किती दिवस?”

“मी आहे तोवर.”

त्यांनी जन्मतारखेच्या रकान्यात तिची तारीख लिहायला घेतली. ती मुलगी जन्मली तेव्हा नोंदवहीत त्यांनीच लिहिलेली तारीख होती ती. आज एकोणीसच्या जागी त्यांनी अठरा लिहिलं. आयुष्यात जाणूनबुजून केलेली त्यांची ही पहिली चूक होती, आणि तिच्यावर पेन बराच वेळ थांबलं.

नवीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला वजन फारसं नव्हतं, पण होतं.

“आण्णा,” ती म्हणाली, “पिनकोड पण चुकवा.”