अठरा कलमांची माशी

"असा नियम लिहिते, की त्यातून माशीसुद्धा निसटणार नाही," दारिंकानं सकाळच्या कॉफीवर जाहीर केलं.

तिचा नवरा विंको पावाला मध लावत होता. "माश्या निसटायलाच हव्यात गं. नाहीतर हा मध कुठून यायचा?"

दारिंकानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ती पतुय गावच्या शाळेत गणित शिकवते आणि या नजरेला सातवीचा अख्खा वर्ग मुकाट्यानं वह्या उघडतो. विंकोनं मुकाट्यानं पाव उचलला.

राग येण्यासारखं घडलंच होतं म्हणा. आदल्या दुपारी लोव्रोकाकांचा फोन आला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर मधमाश्या पाळत आलेला, आणि आवाज असा थंड की दारिंकाच्या हातातला खडू खाली पडला.

"बाई, तुमच्या सात्येनं माझ्या अकरा पेट्या मारल्या."

सात्ये म्हणजे पोळं. दारिंकानं तेरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रोग्रामचं ते नाव. कोणत्या पेटीत राणी कधी बदलली, मध किती निघाला, किड्याचं औषध कधी घालायचं, हे सगळं तो सांभाळतो. तिनं तो मोकळा सोडला होता: कोणीही न्या, उघडा, बदला, वाटा, हवा तर विका. मारिबोर शहरातल्या राइको नावाच्या गृहस्थानं तो नेला, त्याला गुलाबी रंग फासला आणि 'सात्ये' याच नावानं वर्षाला चाळीस युरोंना विकायला काढला. इथवर दारिंकानं दात-ओठ खाऊन सोसलं. पण रंगवता रंगवता त्यानं कुठलंतरी दुसरंच कॅलेंडर आत बसवलं होतं. ते महिना आधी वाचायचं आणि तारीख नंतर. त्यामुळे आठ जुलैचं औषध सात ऑगस्टला गेलं. तोवर किड्यांनी माश्यांचा फडशा पाडला होता. लोव्रोकाकांनी राइकोचं सात्ये घेतलं होतं, पण त्यांच्या लेखी सात्ये म्हणजे दारिंका बाई.

"त्याला माझं नाव घेऊन माश्या मारायच्यात?" दारिंका म्हणाली. "घेऊन दाखवू दे."

नाव आणि त्यावरचं माशीचं चित्र गेल्या वर्षीच मधपाळांच्या संस्थेनं ट्रेडमार्क म्हणून रीतसर नोंदवलं होतं. प्रोग्राम सगळ्यांचा असला तरी नाव संस्थेचं होतं. ते कोणी, कुठे, कसं वापरायचं, याचा नियम तेवढा कोणी लिहिला नव्हता. दारिंका लिहायला बसली. चार दिवस बसली. शाळेतून आली की पर्स सोफ्यावर, कोट पर्सवर आणि ती टेबलाशी.

"नाव वापरायला काय काय चालेल, तेही लिही की," विंकोनं एकदा सुचवलं.

"लेखी परवानगीशिवाय काहीच चालणार नाही. संपलं."

"मग नियम एका ओळीचा झाला."

तो एकोणीस पानांचा झाला. अठरा कलमं, पोटकलमं, शेवटी एक फॉर्म. सातवं कलम: प्रोग्राममध्ये एक अक्षरही बदललं तर नाव काढायचं. अकरावं कलम: माशीचं चित्र कपडे, भांडी, गाड्या आणि खाद्यपदार्थ यांवर बंद. खाद्यपदार्थ कशाला, असं विंकोनं विचारलं. कोणीतरी मधाच्या बरणीवर ते चित्र चिकटवलं तर, असं उत्तर आलं. संस्थेच्या समितीतल्या सगळ्यांना तिनं मसुदा पाठवला. सगळ्यांनी तो न वाचता 'छान' असं कळवलं. सोमवारी नियम जाहीर झाला.

दारिंका आता राइकोच्या उत्तराची वाट पाहत होती. त्याच्या उर्मट उत्तराला द्यायचं प्रत्युत्तर तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. त्यात 'निर्लज्ज' हा शब्द तीनदा होता.

मंगळवारी सकाळी उत्तर आलं. 'आदरणीय दारिंका बाई, नियम फार स्पष्ट आहे, आवडला. मी नाव आणि चित्र आजच काढून टाकलं. माझ्या प्रोग्रामचं नाव यापुढे मेदेन्का. फॉर्म सोबत जोडला आहे, तीन प्रतींत. आपला, राइको.'

दारिंकानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिचे कान लाल झाले. आठवडाभर साठवलेला राग आता ठेवायचा कुठे?

"बरं झालं ना?" विंको म्हणाला.

"मला चिडवायला केलंय त्यानं हे."

"नियम पाळून?"

"गप्प बस तू."

बुधवारी ब्र्नोहून ओन्द्रेयची बातमी आली. म्हणजे त्याची नाही, त्याच्या कर्तबगारीची. हा ओन्द्रेय दारिंकाला कधी भेटलेला नव्हता, पण नऊ वर्षं तिचा प्रोग्राम एका मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बांधून द्यायचा, एक पैसा न घेता. तिथे तो नीट बसावा म्हणून त्याला चार ओळी बदलाव्या लागायच्या. बुधवारी सकाळी दोन हजार मधपाळांनी कॉम्प्युटर सुरू केले, तर सात्ये गायब. त्याच्या जागी एक करडा चौकोन आणि खाली चेक भाषेत 'बिननावाचा'.

शाळेच्या मधल्या सुट्टीत दारिंकाला एकतीस फोन आले. कोणाला वाटलं चोर शिरले, कोणाला वाटलं राइको शिरला. एका आजीबाईंनी तर घाबरून कॉम्प्युटरची तार कापली होती. कात्रीनं.

दारिंकानं ओन्द्रेयला फोन लावला.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"सातवं कलम," ओन्द्रेय शांतपणे म्हणाला. "एक अक्षरही बदललं तर नाव काढायचं. मी चार ओळी बदलतो. एकशे बारा अक्षरं. मोजली मी."

"ते तुमच्यासाठी नव्हतं हो."

"तसं लिहिलेलं नाही."

"एवढं समजत नाही का माणसाला?"

"बाई, मी नऊ वर्षं समजूनच करत होतो," तो म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "सोमवारी तुमची एकोणीस पानं आली. त्यात एकदाही 'धन्यवाद' नाही. मग म्हटलं, आता समजायचं नाही, वाचायचं."

त्यानं फोन ठेवला. दारिंका पुढच्या तासाला वर्गात गेली आणि अख्ख्या सातवीला अपूर्णांकांची चाळीस उदाहरणं घातली. मुलांचा काही दोष नव्हता.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मधपाळांची वार्षिक सभा होती. दारातच टेबल मांडून टोंचका बसली होती. टोंचका म्हणजे विंकोची धाकटी बहीण, दारिंकाची नणंद. दर वर्षी ती सभेसाठी मधाची दोनशे बिस्किटं करते आणि प्रत्येकावर साखरेच्या पाकानं सात्येची माशी काढते. यंदा टेबलावर बिस्किटं होती, माश्या नव्हत्या. प्रत्येक बिस्किटावर खरवडल्याचा ओरखडा, आणि टोंचकाच्या हातात सुरी.

"अगं, हे काय?"

"अकरावं कलम, वहिनी," टोंचका म्हणाली. "गुरुवारी काढल्या, शुक्रवारी नियम वाचला, आज पहाटेपासून खरवडतेय."

"घरच्या माणसाला कोण अडवणार होतं?"

"तुझा नियम."

आजूबाजूला माणसं थांबली. अशा ठिकाणी ती थांबतातच.

"आता एक विचारू?" टोंचकानं सुरी खाली ठेवली. "ही माशी मुळात काढली कोणी? तेरा वर्षांपूर्वी, तुझ्या स्वयंपाकघरात, कागदी रुमालावर?"

दारिंका टेबलावरची बिस्किटं सारखी करायला लागली.

"मी काढली. चित्र माझं. ते मी तुला कधी लेखी दिलं? वापरू का म्हणून तू कधी विचारलंस तरी? संस्थेच्या नावावर चढवताना तुला माझी आठवण आली?"

कोणीतरी खोकलं. विंको छताकडे बघायला लागला. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात मागून एक उंच, किडकिडीत माणूस पुढे आला. नीट भांग पाडलेला, हातात फाइल. "माफ करा, मी राइको. परवानगीचा फॉर्म हवा असेल तर माझ्याकडे जादा प्रती आहेत. फार सोपा आहे भरायला."

चांगल्या मनानं बोलला बिचारा. पण दारिंकाचा आठवड्याचा साठा त्या वाक्यानं फुटला. तिनं त्याला निर्लज्ज म्हटलं, तीनदा, लिहिलं होतं तसंच. चोर म्हटलं. मग लोव्रोकाकांचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. "यांना सांग. यांच्या अकरा पेट्या तू मारल्यास, आणि शिव्या मी खाल्ल्या."

राइको फाइल उघडता उघडता थांबला. "मी मारल्या? कशा?"

"तुझं कॅलेंडर. ते महिना आधी वाचतं. आठ जुलैचं औषध तू सात ऑगस्टला घालायला लावलंस."

राइकोनं फाइल बिस्किटांवर ठेवली.

"हे मला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "मला एकोणीस पानं आली. त्यात नावाचं सगळं होतं. तारखेबद्दल एक ओळ नव्हती. एक ओळ आली असती तर मी त्याच दिवशी..." त्यानं लोव्रोकाकांकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

दारिंकानं मनातल्या मनात एकोणीस पानं चाळली. खरंच की. चार दिवस, अठरा कलमं, आणि एवढंच सांगायचं राहिलं होतं.

लोव्रोकाका हळूच म्हणाले, "म्हणजे अजून चुकीचंच सांगतोय का तो प्रोग्राम? तीन डिसेंबरचं औषध?"

"बारा मार्चला सांगेल," दारिंका म्हणाली. "किती जणांकडे आहे तो?"

"एकशे सत्तर," राइको म्हणाला.

म्हणजे तिच्या नियमानं एकच गोष्ट साधली असती: मार्चपर्यंत एकशे सत्तर जणांच्या माश्या मेल्या असत्या आणि नाव मेदेन्का असल्यामुळे तिला एकही फोन आला नसता.

"कॉम्प्युटर आणलायस का?" तिनं विचारलं.

त्यानं आणला होता. दोघं बिस्किटांच्या टेबलाशी बसले. दारिंका दोन ओळी बदलेपर्यंत त्याला मंद, आंधळा आणि आळशी म्हणत राहिली. तो दर वेळी "हो बाई" म्हणत राहिला. वीस मिनिटांत दुरुस्ती झाली आणि एकशे सत्तर जणांकडे रवाना झाली. लोव्रोकाकांनी राइकोशी हात मिळवला नाही. पण आत जाताना त्याच्यासमोर एक बिस्किट सरकवून गेले.

मग सभा सुरू झाली. नियम नव्यानं लिहायचा ठराव आला आणि एकमतानं मंजूर झाला. लिहिलं टोंचकानं, बिस्किटांच्या खोक्याच्या पाठीवर. प्रोग्राम बांधून देणाऱ्यांनी गरजेपुरता बदल केला तर नाव ठेवावं, आणि त्यांचे आभार. खाण्याच्या पदार्थांवर माशी चालेल. बदल करून विकायचा असेल तर वेगळं नाव द्यावं. चूक दिसली तर आधी फोन करावा. चित्र टोंचकाचं, ते तिनं संस्थेला दिलं आहे, यापुढे विचारून वापरावं.

"माझ्या मसुद्यातलं काहीच घेणार नाही का?" दारिंकानं विचारलं.

टोंचकानं एकोणीस पानं शेवटपर्यंत चाळली आणि एक वाक्य घेतलं: 'हा नियम आजपासून लागू.'

मग तिनं जरा विचार केला आणि 'आजपासून' खोडून 'सोमवारपासून' केलं. "आज सगळ्यांना निवांत जेवायचंय, वहिनी."