धर्माकाकांच्या नऊ टोपल्या

आमच्या वरच्या मजल्यावरचे धर्माकाका रोज सकाळी साडेसहाला बागेत जाऊन थाळ्या फेकतात. वय बाहत्तर. डोक्याला कानटोपी, खांद्याला भाजीची पिशवी आणि पिशवीत तीन रंगीत प्लास्टिकच्या थाळ्या. फेकण्याआधी ते ओलं बोट वर धरून वारा बघतात आणि आसपास जो कोणी असेल त्याला सांगतात, "खाडीचा हाय. जरा थांबा." माणसं थांबतात. कशासाठी थांबलो, हे बऱ्याच जणांना कळत नाही. मीसुद्धा पहिले पंधरा दिवस अशीच थांबत होते.

यात काकांचा एकट्याचा दोष नाही. कोपरखैरण्याच्या आमच्या बागेत मागच्या वर्षी अचानक नऊ लोखंडी खांब उभे राहिले. प्रत्येकाला मध्यावर जाळीची टोपली, वर एक कडं आणि कड्यातून लोंबणाऱ्या साखळ्या. शेजारी इंग्रजीत पाटी, 'डिस्क गोल्फ'. बाकी काही नाही. कोणी म्हणालं कचऱ्याचे डबे आहेत, कोणी म्हणालं कबुतरांच्या दाण्यांची सोय. हास्यक्लबवाले चौथ्या खांबावर स्वेटर टांगू लागले, पाचव्यात निर्माल्य पडू लागलं. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून काही जण मला विचारायला आले. पाऊस मोजायचं यंत्र असावं, असं मी ठोकून दिलं. लोकांनी ते आठवडाभर मानलंही.

मग एका सकाळी काकांनी सगळ्या टोपल्या रिकाम्या केल्या. स्वेटर ज्याचे त्याला दिले, निर्माल्य कलशात नेऊन टाकलं.

"बाई, हा खेळ हाय," ते मला म्हणाले. "आमचा नितेश कॅनडात हाच खेळतो."

नितेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. काकू गेल्यानंतर दोनेक वर्षांत तो नोकरीसाठी तिकडे गेला आणि काका वर एकटे राहिले.

काका मूळचे इथल्याच बोनकोडे गावचे. लहानपणी वडिलांबरोबर खाडीत उभं राहून पाग टाकायचे, म्हणजे हातानं फेकायचं ते गोल जाळं. पुढे दिघ्याकडच्या एका कारखान्यात उभी नोकरी केली, पण मनगट पागाचंच राहिलं. त्यांची थाळी झाडांमधून वळण घेत जाते आणि खळ्ळकन साखळ्यांत शिरते. बघत राहावं असं ते असतं.

गोंधळ नियमांचा होता. कमीत कमी फेकींत थाळी टोपलीत घालायची आणि पुढच्या टोपलीकडे जायचं, इथपर्यंत मला समजलं. पण झाडात अडकलेली थाळी सोमवारी काढून तिथूनच फेकायची असे, गुरुवारी त्याबद्दल एक फेक दंड पडे, आणि रविवारी थेट पहिल्या टोपलीपासून सुरुवात. साखळीला लागून बाहेर पडलेली थाळी अर्धी धरायची. "साखळीनं ओळखलं, पन घेतलं नाय," असं काका त्याला म्हणत. मी शंका काढली की एकच उत्तर, "नितेशला विचारतो." एकदा मी मोबाइलवर शोधते म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खेळ झाला की बाकावर बसून ते नितेशला फोन लावत. तिकडे तेव्हा रात्रीची जेवणं झालेली असत. पूर्वी त्यांचा फोन दोन मिनिटांत संपायचा. जेवलास का, थंडी हाय का, आणि मग दोघांनाही काही सुचायचं नाही. आता अर्धा अर्धा तास नियम चालत.

डिसेंबरात नितेश सुट्टीवर आला. दुसऱ्याच सकाळी काका त्याला बागेत घेऊन आले. मला पंच नेमलं होतं. मी कागद-पेन्सिल घेऊन उभी राहिले. काकांनी दुसऱ्याच फेकीत पहिली टोपली गाठली. नितेशनं पाहुण्यांपुढे बिस्किटांची बशी धरावी तशी थाळी धरली, हात फिरवला, आणि थाळी त्याच्याच मागे हास्यक्लबात जाऊन पडली. दुसरी कुंपणात गेली. कागदावर काय लिहावं ते मला कळेना.

काका कुंपणातली थाळी काढायला गेले. नितेश माझ्याजवळ आला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मी हे कधीच खेळलो नाही. घराजवळच्या मैदानात असल्या टोपल्या आहेत, असं एकदा फोनवर बोललो होतो. बाबांना वाटलं, मी खेळतो. त्यांनी नियम विचारला. नाही म्हटलं असतं तर फोन ठेवला असता त्यांनी. म्हणून रोज वाचून सांगायला लागलो. जे समजायचं नाही ते मनानं सांगितलं."

त्यांना कळू देऊ नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी मान डोलावली. मग तो हास्यक्लबातली थाळी आणायला गेला आणि तेवढ्यात काका परत आले. हातातल्या थाळीला लागलेली माती ते अंगठ्यानं पुसत राहिले.

"बाई, त्याला खेळता येत नाय."

मी कागदात बघत राहिले.

"दिवसभर काम करून यायचा, आनि माझ्यासाठी वाचीत बसायचा," काका म्हणाले. त्यांनी एकदा नाक ओढलं आणि मुलाला हाक मारली.

नितेश आला. त्याच्या मागे उभं राहून काकांनी त्याच्या हातात थाळी नीट बसवली आणि आपल्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"सैल सोड," ते म्हणाले. "घाई नाय."

त्या दिवशी नऊ टोपल्या पुऱ्या करायला त्यांना पावणेतीन तास लागले. दोघांचा नाश्ता राहिला. निकाल मला कोणी विचारला नाही.