दहापैकी दोन

मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र आमच्या रत्नागिरीत बोटीने यायचं, म्हणजे शिळंच यायचं. विसूकाका ते लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून तपासायचे, अग्रलेखाखाली गुण लिहायचे आणि अंक संपादकाला परत पाठवायचे. टपालखर्च स्वतःचा. संपादकाला पाचाच्या वर गुण मिळालेले मी कधी पाहिले नाहीत. त्याचं एकदाही उत्तर आलं नाही. त्यावर काका म्हणायचे, "लाजला असेल, मेला!"

विसूकाका आमचे शेजारी. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेले आणि कोर्टात भाषांतरकार म्हणून पेन्शनीत निघालेले. बायको कधीच गेली होती, मुलगी लग्न होऊन लांब नागपूरला. कोर्टात साक्षीदार मराठीत बोलायचा, ते काका जज्जसाहेबासाठी इंग्रजीत उतरवायचे. एकदा भाट्ये गावच्या एका बाईने नारळ चोरणाऱ्या दिराला भर कोर्टात शिवी हासडली. शिवी दोन शब्दांची. काकांनी तिचं दीड पान इंग्रजी केलं, आणि वर साहेबाला सांगितलं, की मूळचा जोर अजून आलेला नाही, पुढची तारीख द्यावी. साहेबाने कपाळाला हात लावला म्हणतात.

मीही इंग्रजी घेऊनच बी. ए. झालो आणि घरी येऊन बसलो. इंग्रजी शिकलेल्याने काय व्हावं, याबद्दल आळीत प्रत्येकाला मत होतं. वडील म्हणत, वकील हो. मामा म्हणे, कस्टमात चिकट. मला मास्तर व्हायचं होतं. विसूकाकांना मात्र एवढंच हवं होतं, की मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओटीवर बसून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मोठ्याने वाचावी.

"डोळ्यांनी वाचलेलं इंग्रजी मुकं असतं. आवाज काढ. काय समजलास?"

मी आवाज काढायचो. ते दर ओळीला थांबवायचे. महिना झाला तरी कादंबरीचा नायक घोड्यावरून उतरला नव्हता.

मे महिन्यात गिरगावातल्या एका शाळेची जाहिरात आली. इंग्रजीचा शिक्षक पाहिजे होता. मी हरखलो. नोकरी तर नोकरी, शिवाय ओटीवरून सुटका! पावसाळ्यात बोटी बंद होतात आणि टपाल घाटातून रखडत जातं, म्हणून अर्ज त्याआधी जायला हवा होता. मी झोकदार सही करून तो तयारही केला. पण सोबत कुणा जाणत्या गृहस्थाचं शिफारसपत्र मागितलं होतं. वडील म्हणाले, "विसूकडे जा." तिथेच माशी शिंकली.

काकांनी अर्ज वाचला. "दहापैकी दोन. हा इथेच राहू दे, अर्ज कसा लिहू नये याचा नमुना म्हणून." त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला. "उद्या दुसरा आण. पास झालास की शिफारस देतो."

दुसऱ्याला अडीच. तिसऱ्याला पुन्हा दोन. "घसरलास हो." प्रत्येक अर्ज लालेलाल होऊन हातात यायचा, आणि वर कादंबरीची दोन पानं वाचायला लागायची ती वेगळीच. शेवटच्या बोटीच्या आदल्या संध्याकाळी सातव्या अर्जाला साडेतीन मिळाले.

"सुधारतो आहेस. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी बोटीचा भोंगा ऐकला आणि मी तणतणत ओटीवर चढलो.

"काका, बोट गेली!"

"ऐकलं हो. बस. तो आता घोड्यावरून उतरायच्या बेतात आहे."

माझं डोकं फिरलं. "जन्मभर नारळचोरांची भाषांतरं केलीत, आता मलाही इथेच कुजवा!"

 पेन्सिलीला चांगलं टोक होतं, तरी काका ती तासत बसले. मला त्यांची जरासुद्धा दया आली नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या ओटीकडे बघायचं सोडलं.

पंधरा-वीस दिवसांनी मोटारीच्या टपालाने शाळेचं पत्र आलं. माझी नेमणूक झाली होती! हेडमास्तरांनी लिहिलं होतं, की मेच्या तिसऱ्या आठवड्यात आलेला तुमचा अर्ज साधा आणि स्वच्छ वाटला. सोबतचं तुमच्या गुरूंचं चार पानी शिफारसपत्र तर आम्ही सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं.

मी छत्रीही न घेता काकांकडे धावलो.

"काका, पहिलाच अर्ज धाडलात?"

"त्याच दिवशी."

"दोन गुणांचा?"

"शाळेला पुरेसा होता."

"मग पुढचे सहा कशाला लिहून घेतलेत?"

काकांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. "पहिला गेला हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असतास?"

मला खोटं बोलता आलं नाही. माझी मलाच शरम वाटली. परवाच मोटारीने मुंबईला निघायचं होतं. मी तसाच ओल्या कपड्यांनी चटईवर बसलो, कादंबरी पुढे ओढली आणि मोठ्याने वाचू लागलो. एक पान झालं, दोन झाली, नायक घोड्यावरून उतरून घरातही गेला. काकांनी मला एकदाही थांबवलं नाही.