आधी ताट, मग सौदा

आमच्या कारखान्यातले नाना परक्या माणसाला नाव विचारायच्या आधी "जेवना का, भाऊ?" असं विचारत. उत्तर काहीही आलं तरी वाढत.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि चटया परदेशी जाऊ लागल्या होत्या. मी इंग्रजी पत्रं टाइप करायचो, नाना माल दाखवायचे. मूळचे पारोळ्याकडचे, धोतर-टोपीतले. धंद्याचा त्यांचा कायदा एका ओळीचा: "जेना घर खादं, त्याले फसाडता येस नही." ज्याच्या घरचं खाल्लं, त्याला माणूस फसवू शकत नाही. म्हणून दर पाहुण्यासाठी स्वतः रांधलेला डबा आणत. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेचा.

दुबईच्या व्यापाऱ्याला हे लगेच पटलं. घाम पुसत तीन भाकऱ्या जेवला आणि दर बोलायच्या वेळी खुर्चीतच घोरू लागला. जपानी पाहुणे बिचारे सभ्यपणाने प्रत्येक वाक्याला मान डोलवत. नानांना वाटलं, अजून वाढा म्हणतायत. ताट काही रिकामं होईना.

मग एक जर्मन आला. विकणाऱ्याकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा त्याच्या कंपनीचा नियम. मी तो नानांना समजावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"माले लाच देनारा समजस का तो? वांगानं भरीत काय लाच शे?"

जर्मनाने शांतपणे खिशातला पांढरा रुमाल भिजवला आणि लाल चटईवर घासला. रुमाल लाल झाला. सगळा लाल माल नापास.

मालकांनी कपाळाला हात लावला. नाना मात्र त्या रुमालाकडेच बघत राहिले. आम्हाला रंग विकणारा व्यापारी त्यांच्या हातचं चांगलं चारदा जेवून गेला होता, आणि तरी त्याने कच्चा रंग गळ्यात मारला होता. तोंडात मारल्यासारखं झालं बिचाऱ्यांना. दोन दिवस माल दाखवायलाही पुढे आले नाहीत.

शेवटी मीच म्हणालो, "नाना, तो जर्मन तुमचंच तर म्हणतो. जेवलं की माणूस बांधला जातो. म्हणून तो जेवत नाही."

नानांनी टोपी सरळ केली. "म्हनजे त्याले मिठनी किंमत कळस," म्हणाले.

रविवारी दुपारी काळजी वाटून त्यांच्या घरी डोकावलो. नाना स्टोव्हवर वांगी भाजत होते. शेजारी दोन ताटं मांडलेली.

"आज सुट्टीच्या दिवशी कोण गिऱ्हाईक, नाना?"

"कोन्ही नही." वांगं परतवत म्हणाले, "तुन्ही काकू गयी तवपासून एकट्यापुरतं रांधता येस नही माले. गिऱ्हाईक हाई नुसतं निमित्त शे."

मला माझीच लाज वाटली. त्यांच्या डब्याची टिंगल करण्यात मी सगळ्यात पुढे असायचो. घरून पोटभर जेवून निघालो होतो. "सकाळपासून पोटात काही नाही, नाना," असं चक्क खोटं बोललो आणि ताटावर बसलो.