अक्काताईंची जांभई

अक्काताईंनी जांभई दिली की आमच्या गल्लीतली कुत्री कान टवकारायची. आधी जबडा कट्‌कन वाजायचा, मग पोटातून ‘आऽऽ’ निघायचा, डोळ्यांना धार लागायची आणि शेवटी तोंडापुढे चुटकी. मी शाळामास्तर, जांभया बघण्यात हयात गेली. पण असली जांभई पुन्हा पाहिली नाही.

सत्तर सालच्या आसपास आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहायचो आणि अक्काताई शेजारी. पोर किरकिरलं की गल्लीतल्या बायका त्याला दृष्ट काढायला त्यांच्याकडे न्यायच्या. मुठीत मीठमोहऱ्या घेऊन त्या पोरावरून ओवाळू लागल्या की जांभई सुरू. जेवढी मोठी जांभई तेवढी दृष्ट कडक, हे सगळ्यांना मान्य होतं. "लई जड लागलीती गं, माझा जबडाच निखळाय लागला," असं त्या म्हणाल्या की पोराची आई धन्य व्हायची. आणि पोर खरंच गप झोपायचं, मी पाहिलंय.

जांभईचं त्यांचं एक शास्त्रच होतं. भुकेची आखूड, झोपेची लांब, कंटाळ्याची तोंडातच मरते. आणि एकाची बघून दुसऱ्याला येते ती सगळ्यांत खरी. "ती परक्याकडनं लागत न्हाई, मास्तर. आपल्या माणसाकडनंच लागती."

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा ऐन पोह्यांच्या वेळी अक्काताई मुलासमोर आ वासून बसल्या. मुलगा मख्ख. त्याच्या आईनं मात्र पदराआड जांभई दिली. अक्काताई आत येऊन म्हणाल्या, "सासू आपली हाय. पोराचं मागनं बघू." लग्न झालं. बहिणीचं शेवटपर्यंत सासूशीच जास्त जमलं.

हे सगळं चालायचं तेव्हा त्यांचे यजमान, अण्णा, दाराशी खुर्चीत बसलेले असत. गुळाच्या सौद्यात बोली लावताना एकेकाळी त्यांच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली आणि नजर कुठंतरी लागून राहिली. ते आता कुणाला ओळखत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "डाक्टरला काय कळतंय? मला वळखत्यात त्ये," अक्काताई ठणकावून सांगायच्या.

एका दुपारी त्यांचं वर्तमानपत्र परत द्यायला गेलो. अक्काताई अण्णांच्या समोर जमिनीवर बसल्या होत्या. मुठीत मीठ नाही की मोहरी नाही. त्या मुद्दाम जांभया देत होत्या, एक झाली की दुसरी, पार दमल्या होत्या. अण्णा भिंतीकडे बघत होते. बघता बघता दारातच मला जांभई आली.

त्यांनी वळून पाहिलं. लाजल्या वगैरे नाहीत. "तुमास्नी लागली न्हवं? तुमी आमचंच हाय. या, बसा हितं. दोगं मिळून बघू."

मी बसलो. दोन धडधाकट माणसं भर दुपारी एका आजारी माणसापुढे तोंडं उघडून बसली होती, आणि मला जराही हसू आलं नाही. देवळात बसल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळानं अण्णांचा ओठ हलला. तोंड एका बाजूनं, वाकडंच, हळूहळू उघडत गेलं आणि चांगली मोठी जांभई आली.

अशा आजारात ती येतेच, असं डॉक्टर म्हणाले असते. मी विचारायला गेलो नाही. अक्काताईंनी अण्णांचा लुळा हात उचलून आपल्या गालाला लावला आणि कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "व्हय, मीच हाय."