करीमचाचांचा चौक

आमचे शेजारी करीमचाचा नालबंद बैलांना नाल ठोकायचे आणि बैल आडवा पाडला की गाडीवानाला उपदेश करायचे. पाय बांधलेला बैल तसाच टाकून गाडीवान जाणार कुठे? ओठांत खिळे धरून चाचा बोलत. "आधी पाय, मग चाकं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खिळ्यांमुळे ते अर्धंच ऐकू येई, पण साऱ्या जुन्नरला पाठ होतं.

त्यांचं बसणं चौकातल्या लिंबाखाली. ओतूर, नारायणगाव आणि लेण्याद्रीकडचे रस्ते तिथे मिळत. आता तिथून मोटारी जातात. तेव्हा बैलगाड्या होत्या, पण बाजाराच्या दिवशी त्यांनीच जीव नकोसा व्हायचा. चाकाला चाक अडके आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया त्यातूनच वाट काढत. मग चाचा हातातलं काम टाकून मध्ये उभे राहत आणि दोन्ही हात पसरून गाड्या थोपवत. एकदा त्यांनी खुद्द अध्यक्षांचा टांगा अडवला. मी नगरपालिकेत कारकून. दप्तर घेऊन त्याच टांग्यात बसलो होतो. मी चाचांना ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत हजर. कागदावर कोळशाने चौक काढलेला. मध्ये गोल ओटा, म्हणजे गाड्या त्याला वळसा घालून जातील. दोन्ही कडांना नदीतले धोंडे, माणूस आत शिरेल पण गाडी शिरणार नाही एवढ्या अंतरावर. सायकलीने मात्र त्यांना फार छळलं होतं. गावात सायकल एकच, डॉक्टरांची. ती चाकांत धरायची की पायांत? शेवटी चाकं असली तरी ती पायांनीच चालते, असा त्यांनी निवाडा केला आणि दोरीने तिची मूठ ते मूठ रुंदी मोजून एक फट मोठी ठेवली.

अध्यक्ष बघू म्हणाले. चाचा हलेनात. "साहेब, येत्या बाजारी एकडाव पायी पार करून दावा. मग न्हाई म्हना."

अध्यक्ष हट्टाने गेले. पलीकडे निघाले तेव्हा एका पायात जोडा नव्हता आणि उपरण्याचं टोक कुणाच्या तरी बैलाच्या तोंडात होतं. त्याच आठवड्यात धोंडे मंजूर झाले.

गाडीवान चिडले. ते बैल नारायणगावला नेऊन नाल मारून आणू लागले. दोन महिने चाचांची ऐरण गार पडली. गाडीवानांची समजूत घाला, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "खुरं झिजली की येतील, भाऊ." पण आवाजात जोर नव्हता.

धोंडे बसल्यावरच्या पहिल्या बाजारी ते धुतलेला सदरा घालून लिंबाखाली उभे होते. मला वाटलं, गाड्या बघताहेत. पण त्यांची नजर धोंड्यांच्या आतून चालणाऱ्या एका बाईवर होती. त्या अमीनाचाची होत्या. तापात त्यांचे कान गेले, हे आम्हां शेजाऱ्यांना ठाऊक होतं. मागून येणाऱ्या गाडीची घुंगरं ऐकू येत नाहीत, म्हणून त्या बारा वर्षं एकट्या बाजारात आल्या नव्हत्या, हे मात्र माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या कासाराच्या पथारीपाशी थांबल्या. पाठीमागून एक गाडी घुंगरं वाजवत गेली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सावकाश बांगड्या हातात घेऊन पाहत राहिल्या.

"तुम्ही बरोबर जा ना," मी म्हणालो.

"नगं. माझा हात धरून लई कंटाळलीया ती. आज तिची ती हिंडू दे."

पुढे कापडआळीच्या तोंडाशी जाऊन चाचींनी मागे वळून गर्दीत त्यांना शोधलं. चाचा झटकन लिंबाआड सरकले.

"दिसलो तर परत येईल," ते हळूच म्हणाले.

क्षणभर वाट पाहून चाची आळीत शिरल्या.