ढगोजीची उजवी बाजू

धुळाआप्पाचा अंगठा यंदा कातर धरायलाच तयार होईना. चाळीस मेंढरांची लोकर कातरून तो टम्म सुजला होता, आणि नेमका ढगोजी राहिला होता. ढगोजी म्हणजे कळपातला काळाभोर एडका. त्याच्या लोकरीवर गोजाबाईचा डोळा होता. लेक पूनम पोटुशी होती, पहिलंच लेकरू, आणि बारशाला ढगोजीच्याच लोकरीचं घोंगडं घालणार असं गोजाबाईनं पूनमच्या सासूला भर पंगतीत सांगून ठेवलं होतं.

"तुमचा अंगठा बरा व्हायची वाट बघत बसले तर त्या लेकराचं लगीन यील," गोजाबाई म्हणाली.

म्हणून आप्पा तिऱ्ह्याच्या माळावरनं सोलापूरला मलम आणायला गेला आणि मलमाच्या शेजारच्या दुकानातनं दाढीचा ट्रिमर घेऊन आला. खोक्यावर एक दाढीवाला हिरो हसत होता आणि खाली छापलं होतं, 'कितीही दाट केस असोत, एक वर्षाची वॉरंटी.' आप्पानं दोनदा विचारून घेतलं होतं, लई दाट असले तर? दुकानदार आप्पाच्या झुपकेदार मिशांकडं बघत म्हणाला होता, अस्वल असलं तरी चालंल. आता अस्वलाला चालतंय म्हटल्यावर एडक्याचं वेगळं काय विचारायचं?

मशीन चाललं मात्र झकास. मानेपासनं शेपटापर्यंत ढगोजीची डावी बाजू तापल्या दुधावरची साय निघावी तशी निघाली. मग आप्पानं त्याला फिरवला, उजव्या बाजूला मशीन टेकवलं, तसं ते 'घुर्र' म्हणालं आणि गप्प झालं. चार्जिंगला लावून बघितलं, फुंकून बघितलं, गोजाबाईनं जरा वेळ उन्हातही ठेवून बघितलं. नाही म्हणजे नाही.

दुकानदारानं हात वर केले आणि कंपनीचा नंबर दिला. आप्पानं बरीच बटणं दाबल्यावर एक पोरगी बोलायला लागली.

"सर, मशीन कुठं बंद पडलं? दाढी करताना का डोकं करताना?"

"डावी बाजू झाल्यावर."

"तुमची?"

"न्हाय. ढगोजीची."

"मग ढगोजी सरांना फोन देता का?"

आप्पानं फोन एडक्याच्या तोंडाशी धरला. ढगोजीला जे बोलायचं होतं ते तो बोलला. पलीकडं आख्खं हापिस हसायला लागलं, ते आप्पाला स्पष्ट ऐकू आलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. मशीन फक्त माणसांसाठी आहे, जनावराला लावलं, सबब वॉरंटी रद्द. पत्राचं आप्पाला एवढं काही वाटलं नाही, पण ते हसणं झोंबलं.

त्यांची मेंढरं बाजाराला नेणारा गौस टेंपोवाला म्हणाला, "सोडू नक्को आप्पा. अपनी आफरीन नवीच वकील झाली हाय. भाचीच हाय माझी. ग्राहक कोर्टात खेच कंपनीला."

आफरीनची ही पहिलीच केस. ती गौसच्या टेंपोतनं माळावर आली, तिनं ढगोजीला चारी बाजूंनी बघितलं, डावीकडनं फोटो काढले, उजवीकडनं काढले, आणि म्हणाली, "आप्पा, आता निकाल लागेपर्यंत याला कातर लावायची नाही. हा पुरावा आहे."

गोजाबाईच्या हातातली कातर तिथंच थांबली. तिनं ती पदराखाली धरून आणलीच होती.

"आन घोंगडं?" ती म्हणाली. "अर्ध्या लोकरीत अर्धंच हुतंय. लेकराचं काय उघडं ठिऊ, डोकं का पाय?"

"मावशी, दोन महिन्यांत होईल सगळं."

पण कंपनीच्या वकिलाला कधी पुण्याहून कागद यायचे असायचे, कधी कागद आले की ते चुकीचे असायचे. तो पुढची तारीख मागून घ्यायचा. इकडं ढगोजीची पंचाईत झाली. उजवीकडनं बघावं तर भरगच्च एडका, डावीकडनं बघावं तर आजारातनं उठलेलं करडू. एक गिऱ्हाईक उजवीकडनं आलं, चांगला भाव बोललं, वळसा घालून डावीकडं गेलं आणि तसंच मोटारसायकलवर बसलं. वजन एकाच अंगाला असल्यानं ढगोजी चालताना उजवीकडं ओढला जायचा, आणि चरायला म्हणून सोडला की गोल फिरून परत दारातच यायचा.

त्यात डावीकडची लोकर परत वाढायला लागली. पुरावाच बुजायला लागला म्हणून आप्पा काळजीत पडला आणि पूनमचा सातवा सरून आठवा लागला म्हणून गोजाबाई. ती रोज ढगोजीच्या उजव्या अंगावरनं हात फिरवायची आणि आप्पा रोज कातर नव्या ठिकाणी लपवायचा.

शेवटी एकदाची तारीख लागली. ढगोजीला टेंपोत घालून आप्पा, गोजाबाई आणि गौस कोर्टात हजर झाले. शिपायानं एडक्याला आत सोडलं नाही, म्हणून कोर्टाच्या अध्यक्ष मॅडमच चष्मा सावरत बाहेर लिंबाखाली आल्या.

कंपनीचा वकील गुरुबसप्पा मोठा बोलका माणूस. त्याचं म्हणणं असं, की एक तर हे मशीन जनावरासाठी नाहीच. आणि दुसरं म्हणजे आमचं मशीन इतकं दणकट आहे की ते बंद पडूच शकत नाही, यांनीच पाण्यात बुडवलं असणार. हवं तर कंपनीचा इंजिनियर नवं मशीन घेऊन आलाय, त्याला विचारा.

इंजिनियर पुण्याचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं मशीनचं कौतुक चालू केलं. पात्याचं पोलाद कुठलं, मोटर कशी, सगळं सांगितलं. गोजाबाई सगळं नीट ऐकून घेत होती.

"आन एवढं भारी हाय तर हितं दोन केस तरी काप की, लेकरा," ती म्हणाली. "का नुसतं बोलायचंच मशीन हाय?"

इंजिनियरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं बाह्या सारल्या आणि ढगोजीच्या उजव्या बाजूला मशीन लावलं. गुरुबसप्पा त्याचा शर्ट मागनं ओढत होता, पण त्याला आता धीर नव्हता. लोकरीचे पट्टेच्या पट्टे खाली यायला लागले. शेजारच्या कोर्टातली माणसं आपापल्या केसेस सोडून बघायला आली. आफरीन पुरावा वाचवायला पुढं झाली, पण आप्पानंच तिला धरलं. शेपटापर्यंत पोचल्यावर इंजिनियरनं घाम पुसला आणि मशीन वर धरून दाखवलं. एक शिपाई टाळ्यासुद्धा वाजवून बसला.

"छान," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या. "म्हणजे चांगलं मशीन मेंढरावर चालतं. मग यांचं बंद पडलं, ते खराबच असणार की."

गुरुबसप्पानं इंजिनियरचा शर्ट सोडून दिला.

निकाल आप्पाच्या बाजूनं लागला. कंपनीनं नवं मशीन द्यायचं, आणि हसल्याबद्दल लेखी माफी मागायची. पण गोजाबाईला निकालाशी काही देणंघेणं नव्हतं. ती लिंबाखालची लोकर शेवटच्या पुंजक्यापर्यंत पदरात वेचून कधीच टेंपोत जाऊन बसली होती.

घोंगडं झालं. पूनमला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी पूनमच्या सासूनं घोंगड्यावरनं दोनदा हात फिरवला आणि काही खोट सापडते का बघितलं. सापडली नाही. गोजाबाई अंगणात अशी चालत होती की जणू कोर्ट तिनंच भरवलं होतं.

आप्पालाही वाटलं, आजोबा झालो, जरा नीटनेटकं दिसावं. कंपनीचं नवंकोरं मशीन माफीच्या पत्रासकट फळीवर होतं. यावेळी वाद नको, माणसालाच लावू, असं म्हणत त्यानं आरसा खिळ्याला टांगला आणि मिशीला मशीन लावलं. डावी मिशी सायीसारखी निघाली. उजवीला लावलं, तसं मशीन 'घुर्र' म्हणालं आणि गप्प झालं.

बाहेर पाव्हणे उतरत होते. आप्पानं अर्ध्या मिशीवर हात धरून धान्याच्या पोत्यामागनं कातर काढली. तेवढ्यात गोजाबाई आत आली. तिनं त्याला डावीकडनं बघितलं, मग उजवीकडनं बघितलं, आणि त्याच्या हातातली कातर अलगद काढून घेतली.

"हात लावू नका," ती म्हणाली. "पुरावा हाय."